सील वेळेवर वारलं

आमच्या पंपघरातला मोठा पंप गळायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. गरम पाण्याचा पंप. त्याच्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, सील बसतं. सील म्हणजे काय, तर दोन गुळगुळीत कड्या एकमेकींना चिकटलेल्या. एक शाफ्टबरोबर गरगर फिरते, दुसरी जागची हलत नाही, आणि दोघी मिळून पाणी आत अडवून धरतात. संसारच म्हणा ना. सील गेलं की मी, तिथला फिटर, जायचो, जुनं काढायचो, नवं बसवायचो, हात पुसून चहा प्यायचो. एवढंच माझं शास्त्र.

मग गुणवत्ता विभागाचे साहेब आले. डॉक्टर जीभ बघतो तसं त्यांनी झिजलेलं सील उजेडाकडे धरून बघितलं.

"हे का गेलं?"

"झिजलं, साहेब."

"झिजलं हे लक्षण झालं. कारण सांगा."

कारण मला माहीत होतं. मलाच काय, पंपघरात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. शाफ्ट वाकडा होता. चालू पंपावर पाण्याचा ग्लास ठेवला तर तो आपला आपण चालत जाऊन खाली उडी मारायचा. अशा शाफ्टवर सोन्याचं सील बसवलं तरी ते घासून मरणारच. पण शाफ्ट बदलायचा तर अख्खा कारखाना बंद ठेवावा लागतो, आणि त्यासाठी शाफ्ट वाकडा आहे असं आधी कुणीतरी म्हणावं लागतं. तो कुणीतरी काही सापडत नव्हता.

साहेबांनी मग कारणं ठरवूनच दिली. चुकीची जोडणी, चुकीचा माल, चुकीचा वापर आणि आयुर्मान पूर्ण. पहिल्यात मी अडकायचो, दुसऱ्यात खरेदीवाले, तिसऱ्यात पंप चालवणारा. पंप चालवणारा म्हणजे माझा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मीच त्याला तिथं चिकटवला होता. त्याच्यावर ठपका ठेवला असता तर घरी मला ताट कुणी वाढलं असतं? त्या दिवसापासून आमच्या कारखान्यातलं प्रत्येक सील म्हातारपणानं वारलं. काही तर बसवल्या बसवल्याच म्हातारी झाली.

साहेब खूश झाले. साहेब खूश झाले की मला धडकीच भरते.

"आयुर्मान पूर्ण झालं, म्हणजे ते किती हे ठरलेलं असणार," साहेब म्हणाले. "मग ते आधीच सांगता आलं पाहिजे. तुम्ही सांगायचं."

"मी? साहेब, मला शाळेनं मधेच सोडून दिलंय."

"अनुभवाधारित भाकीत म्हणतात त्याला."

शब्द एवढा भारदस्त होता की मला नाही म्हणवेना. एक खोली मिळाली, फिरती खुर्ची मिळाली, दारावर 'सील आयुर्मान कक्ष' अशी पाटी लागली. बायकोनं शेजारणीला सांगितलं, "आमचे हे आता पुढचं सांगतात." दुसऱ्या दिवशी शेजारीण विचारायला आली, "आमचा फ्रीज किती दिवस काढेल हो?"

आयुष्य कमी सांगितलं तर खरेदीवाले ओरडायचे, "इतक्या लवकर मारता?" जास्त सांगितलं तर सील आधीच जायचं आणि 'अकाली' म्हणून चौकशी बसायची. तेव्हा मला एक शक्कल सुचली. न सुचती तर बरं झालं असतं. मी नियमच मांडला: भाकिताच्या तारखेला सील काढायचं, त्याआधी हात लावायचा नाही. ठणठणीत असलं तरी त्या दिवशी ते मेलं. धो धो गळत असलं तरी तोपर्यंत ते जिवंत.

साहेबांनी मला मिठी मारायचीच बाकी ठेवली. माझं एकही भाकीत चुकेना. चांगली सीलं भंगारात, गळकी पंपावर, आणि माझं नाव चहूकडे. दुसऱ्या कारखान्यांतली माणसं मला बघायला यायला लागली. मी सीलला कान लावायचो, डोळे मिटायचो आणि तारीख सांगायचो. डोळे मिटायची गरज नव्हती. पण माणसं लांबून आलेली असायची.

एक दिवस साडू ओल्या बुटांनी कक्षात शिरला.

"साडूभाऊ, सील फुटल्यासारखं गळतंय. फरशीवर गरम पाणी साचलंय, पाय ठरत नाही."

"तारीख कधीची आहे?"

"तारीख गेली खड्ड्यात! काढा ते."

"आत्ता काढलं तर अकाली ठरेल. चौकशीत तूच सापडशील, बाबा. तुझ्याच भल्याचं सांगतोय. थोडे दिवस सांभाळून चाल."

"मी चालेन हो सांभाळून. पाण्याला कोण सांगणार?"

मी काहीच केलं नाही असं नाही. 'सावकाश चाला' अशी मोठी पाटी करून घेतली आणि पंपाशेजारच्या भिंतीवर चिकटवली. वाफेनं आधी पाटी निसटली, तिच्यावर पाय पडून साडू.

पाय मोडला, पोटरी भाजली. दवाखान्यात डॉक्टरांनी कारण लिहिलं: वयोमानानुसार हाडं ठिसूळ.

"अहो डॉक्टर, चाळिशीसुद्धा गाठली नाही त्यानं! पाण्यावरून घसरलाय तो!"

"कामावर घसरला असं लिहिलं तर जागोजागी उत्तरं द्यावी लागतात," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "वय लिहिलं की कुणी काही विचारत नाही."

माणूस माझ्याच धंद्यातला निघाला.

बाहेर मेव्हणी उभी. "दाजी, तुमचा तो कक्ष नसता ना, तर यांचा पाय शाबूत असता." बायको माझ्या बाजूला नव्हती, तिच्या बाजूला होती.

साडूनं मला जवळ बोलावलं. "पाय जोडतील हे लोक. पण बरा झालो की मला परत तिथंच उभं राहायचंय. एकदा सगळ्यांसमोर म्हणा, शाफ्ट वाकडा आहे. आम्ही म्हटलं तर ती कुरकुर होते. तुम्ही म्हटलं की भाकीत होतं."

मी त्याच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी बैठकीत मी उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, सीलांचा काही दोष नाही. शाफ्ट वाकडा आहे."

कुणी दचकलंसुद्धा नाही. खरेदीवाले कपातल्या चहाकडे बघत बसले. गुणवत्ता साहेब अगदी मायेनं बोलले.

"ते सगळ्यांनाच माहीत आहे. प्रश्न तो नाहीच. तुम्ही म्हणताय म्हणून नोंद घेऊ. मग कारखाना बंद, तुमची आजवरची सगळी भाकितं खोटी, कक्षाला कुलूप, आणि तुम्ही पाना घेऊन परत पंपघरात. माझी काही हरकत नाही. दुसरा एक मार्ग आहे. तुम्ही तज्ज्ञ आहात. हा शाफ्ट असाच वाकडा अजून किती चालेल, तेवढं सांगून टाका."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डोळ्यांपुढे साडूचा टांगलेला पाय आला. त्याच्या मागोमाग माझी खुर्ची आली. खुर्ची पायाच्या पुढ्यात येऊन थांबली, आणि मला पाय दिसेनासा झाला.

मी डोळे मिटले.

"माझ्या निवृत्तीपर्यंत चालेल, साहेब."

टाळ्या झाल्या. संध्याकाळी मी साडूला सांगितलं, "विषय मांडलाय." तो भिंतीकडे तोंड करून झोपला. आता तो काठी टेकत कामावर येतो, पंपाशेजारी उभा राहतो. बायको ताट वाढते, पण आदळून.

तुम्ही म्हणाल, काय नेभळट माणूस आहे, मी असतो तर ठणकावून सांगितलं असतं. सांगा की मग. तुमच्याही कामावर काहीतरी वाकडं असेलच, सगळ्यांना दिसत असेल, आणि त्याच्या शेजारी ओल्या फरशीवर कुणाचा तरी साडू उभा असेल. उद्या सकाळी गेल्या गेल्या बोलून टाका. काय म्हणता, उद्या नको? बरं, मग कधी बोलाल तेवढं सांगा.

अंदाजे सांगितलंत तरी चालेल.