कंट्रोलर गाडीत बसत नाही

नाना भेटले की आधी तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत, मनगटाकडे बघतात. तिथे घड्याळ दिसलं की विचारतात, "बुधवारी साडेचार ते साडेपाच काय करता?" या प्रश्नाला ज्याने खरं उत्तर दिलं तो सापडलाच. मी दिलं. माझा टायपिंगचा क्लास आहे आणि त्या वेळेला तिथे माझ्याशिवाय फक्त पंखा चालू असतो.

"म्हणजे रिकामी गाडी उभी आहे," नाना म्हणाले आणि त्यांनी वहीत माझं नाव लिहून टाकलं.

नाना एसटीतून रिटायर झालेले कंट्रोलर. बत्तीस वर्षं त्यांनी स्टँडच्या खिडकीतून गाड्या सोडल्या. स्टँड सुटला, पण डोक्यातली खिडकी काही बंद झाली नाही. सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. मूलबाळ नव्हतंच. त्याच वर्षी त्यांनी बाहेरच्या खोलीत एक काळा फळा टांगला. डाव्या बाजूला 'थांबे', उजव्या बाजूला 'चालक'. थांबे म्हणजे अमळनेरातली एकेकटी राहणारी म्हातारी माणसं. चालक म्हणजे आम्ही, आठवड्यातून एक तास त्यांच्याजवळ जाऊन बसणारे. त्या बसण्याला नाना 'फेरी' म्हणतात.

फेरीचे नियम कडक. गेल्या गेल्या औषधपाण्याची चौकशी करायची नाही, म्हातारा माणूस म्हणजे दवाखाना नव्हे. मोबाइल खिशात. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तर ती पहिल्यांदा ऐकायची. आणि काहीही झालं तरी फेरी रद्द होणार नाही. मे महिन्यात एकदा मी फोन केला, "नाना, ऊन फार आहे हो." पलीकडून उत्तर आलं, "थांब्यालाही ऊनच आहे." मी डोक्याला रुमाल बांधून निघालो.

"हे सगळे विनंती थांबे आहेत," नाना म्हणायचे. "फक्त हे हात करत नाहीत. म्हणून आपणच थांबायचं."

नाना स्वतः मात्र कुठेच बसत नसत. फेरी मध्यावर आली की अचानक दारात उगवत. उंबऱ्यावर एक पाय ठेवत, घड्याळ बघत, मान हलवत आणि निघून जात. चहा विचारला की ठरलेलं उत्तर, "कंट्रोलर गाडीत बसत नाही." आम्ही चालक मंडळी मागे त्यांच्या नकला करायचो. माझी नक्कल सगळ्यांत चांगली जमायची. आता आठवलं की लाज वाटते.

माझा थांबा होता बोरी नदीपलीकडच्या इंदूअक्का. वय ऐंशीच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा सुरतेला. पहिले तीन बुधवार त्या मला लाइटचं मीटर बघायला आलेला माणूस समजल्या आणि दर वेळी मीटरखाली नेऊन उभं करत राहिल्या. मीही मुकाट्याने मीटर बघायचो. चौथ्या बुधवारी त्यांनी चहा टाकला आणि म्हणाल्या, "मीटरवाला इतला येळ बसत नही. तू कोन शे?" तेव्हापासून आमचं जमलं.

श्रावण लागला तशा अक्का गप्प गप्प राहू लागल्या. खानदेशात घरोघरी बसणाऱ्या कानबाई देवीचे रोट जवळ आले होते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे, त्याचा नैवेद्य करायचा आणि तो भावकीनेच पौर्णिमेच्या आत संपवायचा. बाहेरच्याला एक घास चालत नाही. अक्कांच्या भावकीत आता कोणी उरलं नव्हतं. मुलाला रजा नव्हती.

"गये वरीस मी एकलीनीच खाद्यात," अक्का म्हणाल्या. "आठ दिन. शिळं खाईसन आजारी पडनू. पोऱ्या म्हनस, आते बंद कर."

"मग?"

"बंद कया की मन्हा घरनी कानबाई गयी. मन्हा हातखाले गयी."

हे मी नानांना सांगितलं. त्यांनी फळ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "फेरी रद्द होणार नाही."

शनिवारी साडेचारला त्यांनी जादा गाडी सोडली. म्हणजे माझ्याबरोबर आणखी तीन माणसं घेऊन अक्कांकडे आले. तिघेही पाटील, अक्काही पाटील. नानांच्या हिशेबाने झाली भावकी. आता खानदेशात पाटील गल्लोगल्ली असतात आणि प्रत्येकाचं कूळ वेगळं, हे स्टँडवर आयुष्य काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. अक्कांनी तिघांनाही ओट्यावर बसवून कूळ विचारलं, मूळ गाव विचारलं, देवक विचारलं. पहिला एका प्रश्नात गेला, दुसरा दोन प्रश्नांत. तिसऱ्याने घरी फोन लावून बायकोला विचारलं, तरी नापासच झाला. तिघांना चहा मिळाला आणि निरोपही.

नाना दारातच उभे होते. एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

अक्कांनी त्यांच्याकडे बघून विचारलं, "तुमना घर रोट कव्हय?"

"बंद आहेत."

"कव्हयपासून?"

"सहा वर्षं झाली." नाना घड्याळ बघत म्हणाले. "ती होती तोवर घरी जात्यावर दळायची. सव्वा मुठीचं दळण गिरणीवाला घेत नाही, अक्का. हसतो."

यावर कोणी हसलं नाही. मला एकदम त्यांचा फळा आठवला. डाव्या बाजूला गावातली सगळी एकटी माणसं होती, त्यात एक नाव नव्हतं, आणि सहा वर्षांत आम्हा कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

अक्का आत गेल्या. सुपात गहू घेऊन आल्या आणि त्यात त्यांनी तीन ढीग केले.

"हाई मालकनी मूठ. हाई पोऱ्यानी." मग तिसऱ्या ढिगावर हात ठेवून थांबल्या. "हाई मन्हा धाकला देरनी. सात वरीसना व्हता, तव्हयच गया. सासू म्हने, त्यानी मूठ चुकाडू नको. साठ वरीस टाकी ऱ्हायनू. खानारा कोनी नही." त्यांनी सूप नानांच्या पुढे सरकवलं. "आते तुमी खा. तुमी मन्हा देर."

नानांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ते 'कंट्रोलर' एवढंच म्हणाले आणि त्यांनी सूप दोन्ही हातांनी धरलं.

रविवारी मी मुद्दाम साडेचारलाच गेलो. कानबाई मांडली होती, समया तेवत होत्या. नाना पाटावर बसले होते, पुढे ताट. घड्याळ काढून त्यांनी बाजूला पालथं ठेवलं होतं. अक्का आग्रह करून गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी वाढत होत्या आणि धाकट्या दिराला कसं जेवायला हवं यावर बोलत होत्या. नाना मान खाली घालून जेवत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला त्यांचा हात रिकामा नव्हता.

मला रोट मिळणार नव्हताच, माझं कूळ वेगळं. मी उंबऱ्यावर एक पाय ठेवून उभा राहिलो, मनगटावरचं घड्याळ बघितलं, मान हलवली आणि निघालो.