अर्ध्या शटरखालचे दोन पाय

आमच्या राजकोटात दुपारी एक ते चार शहाणा माणूस दुकान उघडत नाही. माझं तर गाद्यांचं दुकान. लोकांना झोप विकणाऱ्यानं स्वतः जागं राहावं, हा कुठला न्याय? जेवून, झोपून मी पावणेचारला दुकानात येतो, शटर आतून ओढून घेतो आणि पंख्याखाली बसतो. तेवढ्यात एखाद्या गिऱ्हाइकानं शटर वाजवलंच, तर आतून सांगतो, "चारला या." (गिऱ्हाईक देव असतो, कबूल. पण देवळंही दुपारी बंदच असतात.)

ही झोप मी घरी, झोपाळ्यावर घ्यायचो. लग्न झाल्यापासून तो झोपाळा दुपारचा माझा, हे पंचांगात लिहिल्यासारखं ठरलेलं. एक दिवस आमची रसिला महिला मंडळातून व्याख्यान ऐकून आली.

"मितुलच्या पप्पा, डॉक्टरीणबाई सांगत होत्या, रोज थोडा वेळ स्वतःसाठी काढावा. जमेल तेवढा. जुलूम नको."

"बरोबर आहे," मी म्हणालो. (व्याख्यानं बरोबरच असतात. त्यानं काही बिघडत नाही.)

"मग उद्यापासून दुपारी अर्धा तास मी झोपाळ्यावर बसणार. चहा घेऊन. एकटी."

"बस की! पण मी झोपू कुठं?"

"अहो, गाद्यांचं दुकान आहे ना आपलं?"

खरं तर आतल्या खोलीत चांगला पलंग होता. पण मला झोपायचं नव्हतं, रुसायचं होतं. पलंगावर रुसलेला माणूस झोपाळ्यावरून दिसत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी कढी-खिचडी संपवून, "जातो दुकानात," असं पडेल आवाजात सांगून मी निघालो. "लवकर या" असं काही ती म्हणाली नाही. चहाला आलं किसत होती.

शटर पूर्ण ओढलं तर आत भट्टी होते, म्हणून अर्धं ठेवलं. वारा लागावा म्हणून सगळ्यात महागडी गादी दारापर्यंत ओढली आणि पाय बाहेर सोडून आडवा झालो. तिला पश्चात्ताप कसा होईल याचं चित्र रंगवता रंगवता घोरायला लागलो.

समोरच्या भांड्यांच्या दुकानावर मनहरभाई राहतात. ते पाणी प्यायला उठले आणि गॅलरीतून त्यांना माझे पाय दिसले. आता आमच्या बाजारात अडीच वाजता दुकानात कोण सापडणार? चोर? तेही गावचेच, झोपलेले असतात. जिवंत माणूस तर शक्यच नाही! मनहरभाईंनी दोन हाका मारल्या. मी ओ दिली नाही. (दुपारच्या हाकेला ओ देणं आमच्यात बसत नाही.) जवळ जाऊन बघावं, तर प्रेताला शिवल्यावर पुन्हा आंघोळ आली. त्यांनी सरळ स्कूटर काढून माझं घर गाठलं.

"भाभी," ते दारातूनच गदगदले, "हिंमतभाई गेले!"

रसिलाच्या बशीतला पहिला घोट अजून ओठाला लागायचा होता. "कुठं गेले?"

"दुकानात... पाय बाहेर... हलत नाहीत हो!"

"मग झोपलेत. त्यांचे पाय जागेपणीही फारसे हलत नाहीत."

पण मनहरभाईंनी वाटेत चार घरं जागी केली होती. बघता बघता पांढऱ्या साड्यांनी आमची पडवी भरली. "काही झालं नाही हो," असं रसिला सांगत होती, आणि "धक्का बसलाय बिचारीला," म्हणत बायका तिलाच धरून झोपाळ्यावरून खाली सतरंजीवर बसवत होत्या. झोपाळ्यावर शेजारच्या जयाकाकी बसून रडल्या. (मला आणायला पुरुष मंडळी चारनंतर निघणार होती. दुपारी कोण बाहेर पडतं?) अखेर बिचारी उठली आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला गेली.

चारला गिऱ्हाइकानं मला उठवलं. शर्टाची इस्त्री बिघडली होती, म्हणून बदलायला घरी आलो. दारात चपलांचा ढीग! मला वाटलं, माझी समजूत काढायला माणसं जमवलीत. जयाकाकींनी मला पाहिलं आणि किंकाळी फोडली.

रसिला हातात गाळणं घेऊन बाहेर आली. तिचे डोळे भरले होते. माझ्यासाठी नाही, हे मला उशिरा कळलं.

"आयुष्यात पहिल्यांदा अर्धा तास मागितला," ती म्हणाली, "आणि नेमका त्याच अर्ध्या तासात तुम्हाला मरायचं होतं!"

मला खरंच वाईट वाटलं. पडवी रिकामी झाल्यावर मी म्हणालो, "उद्यापासून झोपाळा तुझा. शपथ."

"नको. घरात दाराची घंटा आहे. दुकानाची किल्ली द्या."

दुसऱ्या दिवशी एक वाजता ती चहा, गाठिया आणि उशी घेऊन गेली. झोपाळा मला मिळाला. पण मी जिवंत आहे की नाही हे बघायला अर्धं राजकोट येऊन गेलं. प्रत्येकासाठी चहा मी केला. पावणेचार वाजता डोळे चोळत, घामाघूम होऊन दुकानाशी पोहोचलो. शटर पूर्ण बंद. आत पंखा फिरत होता. शटर वाजवलं.

"रसिला, मी आहे. उघड."

आतून गादीवर कूस बदलल्याचा आवाज आला. मग माझं वाक्य, माझ्याच सुरात.

"चारला या."