एझ्राजी रथकार कचेरीच्या पायऱ्या चढले ती हकीकत

श्री विश्वकर्मा साह्य असो. शके अठराशे पंचवीस, शोभकृत् नाम संवत्सरे, वैशाख मासीं, सातासमुद्रांपलीकडे पाताळदेशी एक राज्य होते, तेथील वर्तमान ऐसे जे, त्या राज्यात बिनघोड्याचे रथ नवेच निघाले होते. घोडा नाही, बैल नाही. पोटात तेल पेट घेते आणि त्या धक्क्याने चाक फिरते, इतकीच विद्या, परंतु लोक पाहून थक्क होत. हे रथ करणारे असामी दोन, आणि त्यांचे कारखाने एकाच रस्त्यावर समोरासमोर. थोरले एझ्राजी, हाताचे कुशल, तोंडाचे कडू. त्यांचा रथ भक्कम आणि तोफेसारखा काळा. धाकटे लिनसजी कालपर्यंत शिवणयंत्रे विकीत होते. त्यांचा रथ हलका, लाल, आणि जीभ तेल घातलेली. मग दरबाराने दवंडी पिटविली की, वैशाखी जत्रेत एका रथास टपाल वाहण्याचा मान मिळेल. तो मान गेला तर आपणांस कुत्रे विचारणार नाही, हे एझ्राजी जाणून होते.

तेव्हां लिनसजींनी काय केले, तर कचेरीच्या दगडी पायऱ्यांवर रथ चढविला, आणि शेजारी आपली सासू बसविली, आणि ती म्हातारी मोजा विणीत वर गेली, परंतु टाका चुकला नाही. मग वर्तमानपत्रांत मोठे चित्र आले, "सासूबाई निर्धास्त, मग आपणांस भय कसले?" गावोगाव हेच बोलणे जाहले आणि एझ्राजींच्या अंगाचा तिळपापड जाहला. कुटुंबास म्हणाले, "हेस्टर, ही लबाडी आहे. वरून दोर बांधून ओढला असेल."

बाई म्हणाल्या, "मग आपणही माझ्या आईस बसवा."

"तुझी आई बसली तर रथ जागचा हलायचा नाही."

"ती नसताना तरी कोठे पळतो?"

हे वचन वर्मी लागले. त्या रथकारांत एक चाल होती की, दुसऱ्याचा रथ गुपचूप विकत आणावा, खिळा न् खिळा उकलावा आणि मर्म काढावे. चाकरांवर भरवसा नाही, म्हणून एझ्राजींनी स्वतःच धुळीचा लांब झगा घातला, डोळ्यांस काचा बांधल्या आणि तोंड रुमालाने झाकले. त्या काळी रथ हाकणारे सर्वच ऐसे दिसत, यास्तव कोणी ओळखिले नाही. लाल रथ विकत घेऊन, चालवून पाहावयास निघाले, आणि पाण्यावर होडी तरंगावी तैसा तो चालिला. एझ्राजी चरफडले, रथ वाईट असता तर सुखाने घरी गेले असते. मग कचेरी लागली आणि मनात आले, दोर नसता हा चढेल काय? समोर जत्रा भरली होती, दरबारची मंडळी बसली होती, शहाण्याने मुकाट पुढे जावे; परंतु मत्सर कधी शहाणपणाचा सल्ला घेत नाही. त्यांनी चाक पायरीस लाविले, आणि रथ धडधडत, हिसके देत, थेट दाराशी जाऊन उभा राहिला. दोर कोठेच नव्हता. त्या पिकल्या कारागिरास एकाएकी लेकरासारखा हर्ष जाहला, आणि भान विसरून त्यांनी काचा काढिल्या, रुमाल फेकिला आणि ओरडले, "चढला की रे, चढला!"

खालून एकजण म्हणाला, "अरे, हे तर आपले एझ्राजी!"

लिनसजींनी टोपी काढून मुजरा केला. "थोरले, आपणच आमचा रथ घेतलात! आता सासूबाईंस विश्रांती."

"मी तपासावयास..." एझ्राजी बोलू लागले, परंतु पुढचे हशात बुडाले, आणि दरबारच्या मंडळींनी तेथेच टपालाचा मान लाल रथास दिला.

लिनसजींचा छायाचित्रकार जत्रेत हजरच होता. मग भिंतोभिंती चित्र लागले, खाली अक्षरे, "जाणत्याची निवड." एझ्राजींनी एक फाडून घरी आणिले आणि पुष्कळ वेळ पाहत बसले. हेस्टरबाई खांद्यावरून डोकावून म्हणाल्या, "आपल्या रथात बसून असे हसलेले मी तुम्हांस कधी पाहिले नाही."

येणेप्रमाणे टपाल लिनसजींकडे गेले, आणि दुसऱ्याचे वैगुण्य शोधावयास निघालेल्या पुरुषाने त्याचा गुण भर चौकात सिद्ध करून दिला. जैसे घडले तैसे लिहिले. इति.