भीमाचा इंग्रजी दाखला

बारामतीच्या बाजारात उभा एक चारदाती बैल.

श्रावणी सोमवार.

चालत्या मोटारीच्या खिडकीतून बाहेर आलेलं एक डोकं.

इंदापूरला खुर्चीत बसलेला गोरा साहेब. तो हसतोय की त्याला ठसका लागलाय, कुणालाच कळत नाही.

इंग्रजीतली एकशे चौदा विशेषणं, तोंडपाठ.

यातलं शेवटचं तेवढं कन्हेरीच्या रावजीचं. बाकीच्या चारांचा आपल्या इंग्रजीशी कधी संबंध येईल, असं त्याला वाटलंही नव्हतं. सन चौतीस सालात अख्ख्या कन्हेरीत इंग्रजी येणारा तो एकटाच! "कसलाबी माणूस आणा, चार शब्दांत विंग्रजीत बसवून दावतो!" असं तो पारावर छाती ठोकून सांगायचा.

तर एके दिवशी प्रयागबाई त्याच्या दारात आली. तिच्या भीमानं पाटकऱ्याच्या नोकरीसाठी, म्हणजे कालव्याची दारं उघडायच्या-लावायच्या सरकारी कामासाठी अर्ज केला होता. नोकरी लागली तरच पणदऱ्याचे पाहुणे मुलगी देणार होते. आणि इंदापूरच्या कालव्याच्या साहेबाला हवा होता वर्तणुकीचा दाखला, तोही इंग्रजीत.

"रावजी, माज्या पोराचा सोभाव लिही बाबा. जसा हाय तसा."

"काकू, उद्या दुपारी त्याला धाडा. बघतो आन् लिवतो!"

लहानपणापासून पाहिलेल्या भीमाला आणखी काय बघायचं? पण रावजीचा बाप तात्याबा पडला गुरांचा दलाल. बाजाराची रीत रावजीच्या हाडात भिनलेली. जनावर बाजारात उभं असताना जसं दिसेल, तसंच ते जन्मभर. खाली बसलं की बसकं. शिंग हलवलं की मारकं. गिऱ्हाईक काही उद्या परत बघायला येत नसतं!

दुसऱ्या दिवशी नेमका श्रावणी सोमवार. भीमाचा कडक उपास. दोन रात्री पाण्याच्या पाळीचं जागरण. त्यात सर्जेरावांची म्हैस उसात घुसलेली, आणि तिला हाकलताना गडी पाटात पडलेला.

रावजीनं त्याला अंगणात उभा केला आणि भोवती एक चक्कर मारली. दात तेवढे बघितले नाहीत.

"भूक?"

"लई!"

"झोप?"

भीमानं अंगण मावेल एवढी जांभई दिली.

"राग?"

"त्या म्हशीचं नाव काडू नगंस!"

ओला आहेस का, हे विचारायची गरजच नव्हती. पायाशी तळं साचलं होतं.

रावजीनं वळणदार अक्षरात लिहिलं, 'भीमा इज हंग्री, स्लीपी, अँग्री अँड वेट.' मग कागदाला जरा वजन यावं म्हणून मध्ये एक 'ऑलवेज' घातला, आणि मंगळवारी दाखला टपालात टाकला.

बुधवारी बारामतीत त्यानं जयवंतराव मास्तरांना मोठ्या तोऱ्यात नक्कल दाखवली. मास्तरांनी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"रावजी, हा भीमा कायम भुकेला, कायम पेंगुळलेला, कायम चिडलेला आणि कायम ओला असतो?"

"सोता डोळ्यांनी बघितलाय की!"

"कधी?"

"सोमवारी."

"अरे गाढवा, मग हे भीमाचं वर्णन नव्हे! हे सोमवारचं वर्णन आहे!"

रावजीच्या डोक्यात भुंगा शिरला. कन्हेरीच्या वाटेवर धोंडाबाई खुरपत होती.

"आजे, कशी हायेस गं तू?"

"आत्ताची सांगू, का एरवीची?" म्हातारीनं खुरपं न थांबवता विचारलं.

रावजी मटकन बांधावर बसला. एकशे चौदा शब्द! त्यातले आत्ताचे किती आणि एरवीचे किती? 'अँग्री' आत्ताचा. 'ब्रेव्ह' एरवीचा. पण 'हॅपी'? धोंडाबाईच्या चार सऱ्या खुरपून झाल्या तरी 'हॅपी'चा निकाल लागेना!

गुरुवारी पहाटेच तो प्रयागबाईच्या घरी हजर.

"काकू, घोळ झालाय! आता साहेबाला उलटा भीमा दावायचा. पोट भरलेला, टक्क जागा, हसरा आन् कोरडा!"

प्रयागबाईनं पोराला सात भाकरी आणि पातेलंभर पिठलं चारलं. मोटार निघाली, भाकरी अंगावर आल्या आणि भीमा घोरू लागला. रावजीनं चिमटा काढला.

"का चिमटतोस रं?"

"जागा ऱ्हा! आन् हस!"

पाचव्या चिमट्याला भीमानं त्याची गचांडीच धरली. तेवढ्यात मोटार खड्ड्यात आदळली, भीमाला मळमळलं, डोकं खिडकीबाहेर गेलं आणि सातही भाकऱ्या रस्त्याला लागल्या. इंदापूरला उतरल्यावर रावजीनं घाबरून त्याच्या डोक्यावर घागर ओतली. तशाच अवस्थेत दोघे साहेबापुढे उभे!

साहेबानं दाखला वाचला, मग भीमाकडे बघितलं. केसांतून पाणी ठिबकतंय. पापण्या मिटतायत. नजर मात्र रावजीकडे, ती खाऊ का गिळू अशी. साहेबानं कागदावर तीन खुणा केल्या.

"भूक?" त्यानं मोडक्या मराठीत विचारलं.

रावजीनं मागून धोतर ओढलं. पण प्रयागबाईचं पोर खोटं बोलणारं नव्हतं.

"व्हय साहेब. लई."

चौथी खूण झाली. साहेब लालबुंद झाला, खुर्ची गदागदा हलू लागली. कारकुनानं पाण्याचा पेला पुढं केला. साहेबानं डोळे पुसत त्याला काहीतरी सांगितलं.

"साहेब म्हणतात," कारकून म्हणाला, "चाळीस दाखले आले. सगळे ऑनेस्ट, सगळे ओबीडियंट. माणसाशी जुळणारा हा एकच! भीमा, सोमवारी कामावर ये. जेवून ये."

कन्हेरीत रावजी आठ दिवस पारावरून उतरला नाही. "नोकरी भीमाला न्हाय, माझ्या विंग्रजीला लागली!" प्रयागबाईनं त्याला नारळ दिला. पणदऱ्याच्या पाहुण्यांनी फेटा बांधला.

साहेबानं भीमाला पाटावर काम करताना पाहून त्याचं नाव नोकरीच्या यादीत लिहिलं होतं, ते दाखला लिहायच्या दोन दिवस आधी, शनिवारी.