गाडीला हौदा असल्याचे परिणाम

कुरांबा बे या आमच्या समुद्रकाठच्या गावात माणसाने गाडी घ्यायचं ठरवलं, की ती त्याची खासगी बाब राहत नाही. लग्न कुणाशी करावं याबद्दल इथे कुणी सल्ला देत नाही. गाडीबद्दल मात्र प्रत्येकाला मत आहे, आणि ते ऐकवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी क्लबात बिअर पिताना रॉस टिंडल "एखादी गाडी बघायला हवी" असं सहज बोलला, आणि टेबलाभोवतीच्या खुर्च्या आपोआप पुढे सरकल्या.

रॉसची गरज साधी होती. आठवडाभर पलीकडच्या गावातल्या चष्म्याच्या दुकानात कामाला जायचं आणि सुटीच्या दिवशी सर्फबोर्ड घेऊन समुद्रावर. त्याच्या जुन्या छोट्या मोटारीच्या टपावर ही फळी बांधावी लागे. हिवाळ्यात एकदा ती वाऱ्याने सुटली आणि थेट पाद्रीबाईंच्या गुलाबांत जाऊन पडली. पाद्रीबाईंनी क्षमा केली. पण दर रविवारी प्रवचनात केली.

घाईचं कारण मात्र वेगळं होतं. रॉसची नात टिली नाताळच्या सुटीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, यायची होती. नऊ वर्षांची, मेंढ्यांच्या मुलखात वाढलेली, गुडघाभर पाण्यालाही घाबरणारी. सुटी संपली की तिच्या आईबापांचं बिऱ्हाड देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, खाणींकडे जाणार होतं. मग आजोबांचा समुद्र कसला नि सुटी कसली. रॉसने तिला फोनवर शब्द दिला होता, "या सुटीत तू फळीवर उभी राहणार. मी उभी करणार."

"डबल कॅब घे, गड्या," शेजारचा नेव्ह म्हणाला. "चार दारं, उंच चाकं, मागे हौदा. माणूस वर बसला की माणूस वाटतो."

नेव्हची स्वतःची तसलीच गाडी होती. ती नदीतून जाऊ शकत होती, डोंगर चढू शकत होती, आणि पाण्यात बुडाली तरी श्वास घेता यावा म्हणून तिला धुराड्यासारखं एक नाकही होतं. नेव्ह ती दररोज सकाळी कॉफी आणायला नेत असे. गावातल्या निम्म्या घरांपुढे आता अशाच गाड्या होत्या. कुणी त्यात कधी काही भरलेलं आम्ही पाहिलं नव्हतं, पण भरायची वेळ आली तर तयारी असावी, असं सगळ्यांचं म्हणणं होतं.

रॉस शनिवारी ट्रेव्हच्या जुन्या गाड्यांच्या आवारात गेला. जाताना त्याने आपली नऊ फुटी फळी खांद्यावर नेली.

"लोक बायकोला घेऊन येतात," ट्रेव्ह म्हणाला.

"बायको बसेल कुठेही. ही बसायला हवी."

त्याने एकेका गाडीत फळी ठेवून पाहिली. डबल कॅबचा हौदा खांद्याइतका उंच. रॉसने फळी डोक्यावरून चढवली तेव्हा त्याच्या पाठीत काहीतरी कटकन वाजलं. वर ठेवली तर निम्मी फळी बाहेर, आभाळाकडे नाक करून.

"चार माणसांना जागा दिली ना आत," ट्रेव्हने समजावलं. "मग मागे हौदा उरणार किती? तो दिसायला असतो."

"आणि सामान?"

"सामान कोण नेतो या गाडीतून?"

सगळ्यात मागे, कुंपणाला लागून एक यूट उभी होती. समोरून पाहिली तर शाळामास्तरणीची असावी अशी साधी, बुटकी मोटार. दोन माणसांची बैठक, आणि तिच्या पाठीमागे जिथे मागची सीट असायची तिथून थेट लांबलचक उघडा हौदा. उंची कमरेइतकी. रॉसने फळी नुसती सरकवली. मागचं झाकण खाली पाडलं की फळीचं शेपूट हातभर बाहेर राही, एवढंच. चालवायला मोटार ती मोटारच. बेकरीपुढच्या चिंचोळ्या जागेत एका फटक्यात बसली.

"मवाळ माणसाची गाडी आहे ही," ट्रेव्ह गंभीरपणे म्हणाला. "लोक हसतील हं."

रॉसने जुनी मोटार ट्रेव्हला देऊन ती घेतली. त्याची निवड शंभर टक्के बरोबर होती, आणि पुढचा सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

पहिल्याच संध्याकाळी नेव्ह कुंपणाशी येऊन उभा राहिला.

"गड्या, तुझ्याकडे यूट आहे ना आता."

"तूच हसत होतास ना दुपारी?"

"ते वेगळं. अगं ग्लेनिस, सांग याला." नेव्हने रॉसच्या बायकोला मध्ये घेतलं. "आमचा जुना सोफा कचरा डेपोवर न्यायचाय."

"तुझ्या गाडीला हौदा आहे की," ग्लेनिस म्हणाली.

नेव्हचा चेहरा दुखावला. "माझ्या गाडीला ओरखडा पडेल ना!"

आमच्याकडे रिवाज असा, की यूटवाल्याला मदत मागायची असेल तर बोलण्याची सुरुवात 'गड्या'ने करायची आणि शेवट बिअरच्या एका खोक्याने. पैसे द्यायचे नाहीत, तो अपमान. आणि यूटवाल्याने नाही म्हणायचं नाही. तो त्याहून मोठा अपमान. आमच्या गावात माणूस डॉक्टरला नाही म्हणतो, देवाला म्हणतो, पंतप्रधान दारात मत मागायला आला तर त्यालाही म्हणेल. 'गड्या' म्हणणाऱ्याला नाही म्हटलेलं कुणाच्या ऐकिवात नाही.

टिली आली, रॉसने दुकानातून सुटीभर रजा घेतली, आणि त्याच शनिवारी पाद्रीबाईंचा पियानो निघाला. दुसऱ्या दिवशी कुणाच्या कोंबड्यांचं खुराडं, आत कोंबड्यांसकट. मग फ्रीज, मग शेणखत, मग घटस्फोट घेणाऱ्या एका जोडप्याचा पलंग: सकाळी बायकोच्या नव्या घरी, आणि दुपारी समेट झाल्यावर परत. फळी गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि टिली आजोबांशेजारी बसून गावभर फिरली.

"आज समुद्र?" ती दर सकाळी विचारी.

"हे एवढं टाकून येऊ, की समुद्र," रॉस म्हणे.

ते एवढं टाकून होईपर्यंत वारा उलटा फिरून लाटा विस्कटलेल्या असत.

शेवटी एका पहाटे, कुणी 'गड्या' म्हणत दारात यायच्या आत, आजोबा आणि नात फळी घेऊन निघाले. समुद्राकाठच्या वाहनतळावर नगर परिषदेने नवं फाटक बसवलं होतं. फाटकाशी परिषदेची अधिकारी लिओनी हॉब्स केशरी जाकीट घालून उभी होती.

"मालवाहू वाहनांना सुटीभर आत बंदी आहे, रॉस."

"लिओनी, ही मोटार आहे. मोटारीच्या सांगाड्यावरच बनवलेली आहे. बघ ना तोंड तिचं."

"तोंड मी बघितलं. नियम पाठीमागून लागू होतो. उघडा हौदा असलेलं वाहन ते मालवाहू."

तेवढ्यात नेव्हची गाडी आली. फाटक वर गेलं. नेव्हने हात हलवला. त्याच्यामागून तसल्याच आणखी गाड्या रांगेने आत गेल्या.

"त्यांनाही हौदा आहे!"

"चार दारं आहेत. चार दारी वाहन म्हणजे कौटुंबिक प्रवासी वाहन."

"माझ्याबरोबर माझं कुटुंबच आहे. ही काय बसलीय."

लिओनीने वाकून टिलीकडे पाहिलं. ती मनाने वाईट नव्हती. "नमस्कार, सोन्या. तुझ्या आजोबांची गाडी तुझ्यासाठी बनवलेलीच नाही, असं परिषदेचं मत आहे."

तिथे दुसरा वाहनतळ नाही, आणि फाटकातून पायी आत जायला परिषदेची मनाई. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला कडा. रॉसने मग रीतसर अर्ज केला, की सदर वाहन मालवाहू नसून खासगी वापरातलं समजण्यात यावं. परिषद तत्पर निघाली. त्याच आठवड्यात लिओनी चौकशीला घरी आली.

"तू या गाडीतून माल नेत नाहीस, असं तुझं म्हणणं आहे?"

"माझा माल नेत नाही."

"डेपोच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात तू महिनाभर दिसतोयस. डेपोचा शिपाई तर तुला आमचाच माणूस समजतो. दुपारी तुला डबा खायला बोलावतो म्हणे."

"ते लोकांचं सामान, लिओनी. मदत म्हणून."

"फुकट?"

रॉस खोटं बोलणारा माणूस नव्हता. आणि बोलला असता तरी उपयोग नव्हता, कारण ते दोघं उभे होते त्या व्हरांड्यात बिअरची खोकी छपरापर्यंत रचलेली होती. ग्लेनिसने त्यांच्यावर कपडे वाळत घातले होते.

"हा मोबदला झाला," लिओनी हळूच म्हणाली. "म्हणजे तू नुसता मालवाहू वाहनाचा मालक नाहीस, रॉस. तू विनापरवाना वाहतूक व्यवसाय करतोयस."

"मग आता मी लोकांना नाही म्हणतो. संपला व्यवसाय."

"व्यवसाय बंद करायलाही आधी तो नोंदवलेला असावा लागतो. नसलेली गोष्ट बंद कशी करणार?"

यात तर्काची चूक कुणालाच दाखवता आली नाही. रॉसने व्यवसाय बंद करता यावा म्हणून व्यवसाय नोंदवला. नोंदणी झालेल्या वाहतूकदाराला दोन्ही दारांवर ठळक अक्षरांत नाव आणि फोन नंबर लिहावा लागतो. 'टिंडल वाहतूक' असं पिवळ्या रंगात लिहून झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या तीन गावांतून फोन यायला लागले. ते लोक 'गड्या' म्हणत नसत. ते म्हणत, "अजून कसा आला नाहीस?" व्यवसाय बंद करायचा अर्ज विचाराधीन होता. तो विचाराधीन असेपर्यंत ग्राहकाला विनाकारण नकार देणं हा नियमभंग होता.

नेव्हला हे कळलं तेव्हा तो खरोखर हळहळला. "वाईट वाटतं रे, गड्या. तरी मी तेव्हाच सांगत होतो, डबल कॅब घे." मग थोडं थांबून म्हणाला, "त्या गावांकडे जातोच आहेस, तर माझ्या विटा आणशील का?"

"तू टिलीला तुझ्या गाडीतून समुद्रावर नेशील?" रॉसने विचारलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागितलं होतं. "फळीसकट. एकच दिवस."

नेव्ह अवघडला. "पोर नेईन की. आनंदाने नेईन. पण फळीला ते न घसरायचं मेण असतं, रॉस. त्यात वाळू. हौद्याला ओरखडे पडतील, आणि आतलं चामडं नवीन आहे."

सुटीचा शेवटचा रविवार उजाडला. संध्याकाळी टिलीची आई केरी तिला न्यायला येणार होती. त्या सकाळी रॉसने फोन उचलून कपाटातल्या टॉवेलांखाली ठेवला, फळी हौद्यात सरकवली, आणि आजोबा आणि नात वाहनतळाच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिले. वारा जमिनीकडून, लाटा कमरेइतक्या, स्वच्छ, एकामागून एक. अशी सकाळ वर्षातून क्वचित येते. आत गाव जमलं होतं. चकचकीत गाड्यांच्या रांगा, आणि मालक त्यांच्या सावलीत खुर्च्या टाकून कॉफी पीत बसलेले. पाण्यात एकही माणूस नव्हता.

"लिओनी," रॉस म्हणाला, "आज सोड. संध्याकाळी ती जातेय."

"मी सोडलं असतं रे. पण आता तुझ्या दारावर लिहिलेलं आहे."

 रॉसने इंजिन बंद केलं. फाटकापलीकडे लाटा फुटत होत्या, त्यांचा आवाज येत होता.

टिली खाली उतरली. मागे गेली, हौद्यात चढली. फळीवर पालथी झोपली, हातांनी हवा मागे सारली. मग दोन्ही तळहात टेकून, आजोबांनी व्हरांड्यातल्या फरशीवर शिकवलं होतं तसं, एका झटक्यात उभी राहिली. गुडघे वाकवलेले, हात पसरलेले, नजर समोर.

"आजोबा, बघा! उभी राहिले!"

रॉस बघत होता. आत कॉफी पिणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. नेव्हने शिट्टी घातली. काहींनी फोटो काढले. सगळ्यांना फार बरं वाटलं.

"मालाच्या जागेत माणसाने उभं राहायला मनाई आहे," लिओनी पुटपुटली. पण तिने पाठ फिरवली आणि थोडा वेळ खाडीकडे बघत राहिली. आमच्या परिषदेकडून कुणाला मिळालेली ही आजवरची सर्वांत मोठी सवलत.

संध्याकाळी केरी आली. लेकीला मिठी मारून तिने विचारलं, "मग? काय काय शिकलीस समुद्रावर?"

"फ्रीज कधी आडवा न्यायचा नाही," टिली म्हणाली. "पियानो उतरवताना खालच्या माणसाने मागे चालायचं. आणि दोरीला कुठली गाठ मारली की सुटत नाही, ते पण."

केरीने बापाकडे पाहिलं. रॉसला वाटलं, आता ती रागावणार. तिचे डोळे भरून आले होते.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला विचारायला जीव धजत नाही. पण आम्हाला बिऱ्हाड हलवायचंय, आणि तुमच्याकडे यूट आहे."

रॉस दोरी आणायला गॅरेजमध्ये गेला.

आता तुम्ही हे वाचून झाल्यावर म्हणाल, काय हे लोक, म्हाताऱ्याला एक दिवस देता आला नाही. म्हणा; तुमचं म्हणणं रास्त आहे. फक्त एक सांगा. वाचता वाचता मध्येच कुठेतरी तुम्हाला तुमच्या ओळखीतला एक गाडीवाला आठवला असेल, आणि तुमच्या घरातलं एक जड कपाटही. आधी कोण आठवलं?