दगडातला भाडेकरू

सबनिसांच्या घरी गेलं की पाणी मिळत नाही, पाण्याविषयी माहिती मिळते. सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या घामट दुपारी तुम्ही हातात बाजाराच्या पिशव्या घेऊन त्यांच्या दारात उभे असता, घशाला कोरड पडलेली असते, आणि सबनीस तुम्हाला समुद्राच्या पाण्याचा खारटपणा कसा मोजतात ते समजावत असतात. मधेच तुम्ही "जरा प्यायला—" म्हणालात, तर ते ट्रॅफिक हवालदारासारखा पंजा वर करतात.

"मुळात समजून घ्या," ते म्हणतात, "पाण्यापाण्यात फरक असतो."

हे गृहस्थ बरोबर आमच्या डोक्यावर राहतात, म्हणजे वरच्या मजल्यावर. मूळचे पुण्याचे, बुओना व्हिस्टाच्या एका आयटी कंपनीत मॅनेजर, पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही. का केलं नाही हे त्यांना कोणी विचारत नाही. त्यांच्याशी थोडा वेळ बोललं की उत्तर आपोआप मिळतं. घरात ते, त्यांची म्हातारी आई आणि टाकी.

टाकी माशांची, खाऱ्या पाण्याची, हॉलची अख्खी भिंत अडवून बसलेली. तिच्यासाठी त्यांनी सोफा काढून टाकला, त्यामुळे आल्यागेल्याला प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसावं लागतं. धड खुर्ची एकच. ती टाकीसमोर, आणि तिच्यात काकू. मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा काकू तिथेच होत्या, मांडीवर हात ठेवून, काचेकडे बघत. आपण "कशा आहात?" विचारावं, त्यांनी तोंड उघडावं, आणि उत्तर सबनिसांनी द्यावं, असा त्या घराचा रिवाज होता.

गोड्या पाण्यात मासे पाळणाऱ्यांविषयी सबनिसांचं मत असं, की ती माणसं बादलीतही मासे पाळतील. अत्तर लावून आलेल्या पाहुण्याला ते कॉरिडॉरमध्येच थोपवतात. माझा नवरा अजित मालवणचा, म्हणून त्याला टाकीपासून हातभर लांब उभं राहायची सूचना होती.

"तुमच्या नजरेने मासे अस्वस्थ होतात, अजितराव."

"पापलेट ठेवलं असतंत, तर मीही अस्वस्थ झालो असतो," अजित म्हणाला.

सबनीस हसले नाहीत. विनोद समजला तरी ते हसत नाहीत, आणि त्यांना समजत नाही.

एका शनिवारी त्यांनी आम्हाला दगड बघायला बोलावलं. सिंगापुरात वीकेंडला माणसं काहीही बघायला जातात, आम्ही गेलो. टाकीत मधोमध एक जांभळट, भोकाभोकांचा दगड ठेवलेला होता.

"जिवंत दगड आहे हा," सबनीस म्हणाले. "यात राहणारे सूक्ष्म जीव पाणी शुद्ध ठेवतात. मुळात समजून घ्या, मी मासे पाळत नाही. मी समुद्र चालवतो."

हा समुद्र पुढच्या काही आठवड्यांत चालेनासा झाला. आधी काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी गेल्या; नुसते फुटलेले शंख वाळूवर पडलेले. मग शंखातून हिंडणारे छोटे खेकडे. मग तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक देखणी कोळंबी, जिच्यावर सबनिसांनी आम्हाला पूर्ण एक संध्याकाळ ऐकवलं होतं. आणि अधूनमधून टाकीतून आवाज यायचा. टक्. कोणीतरी नखाने काच वाजवल्यासारखा.

सबनिसांनी चौकशी आरंभली. पंप तपासला, एसी तपासला, शेजारच्या चिनी आजोबांना त्यांच्या उदबत्तीच्या धुराबद्दल दोन शब्द सुनावले. आजोबा सिंगापुरी इंग्रजीत "व्हॉट ला?" म्हणून दार लावून मोकळे झाले. नंतर संशयाची सुई आमच्या घरावर आली. लिफ्टमध्ये त्यांनी अजितला विचारलं, "परवा तुम्ही येऊन गेलात, तेव्हा पाण्यात हात घातला होतात का?"

"घातला असता तर मसालाही घातला असता," अजित म्हणाला.

त्याच सुमाराला एकदा मी त्यांच्याकडे आलेलं आमचं पार्सल आणायला गेले. सबनीस टाकीशी वाकून बसले होते, आणि काकू खुर्चीतून अगदी सहज म्हणाल्या, "त्या दगडात कोणीतरी राहतं रे. डोळे हलवतं."

"आई," सबनीस मागे न बघता म्हणाले, "मोतीबिंदू काढल्यापासून तुला जरा जास्तच दिसतं."

काकू पुन्हा काचेकडे बघायला लागल्या. मला तो माणूस तेव्हा धुवायला टाकावा असा वाटला.

त्या आठवड्यात नारिंगी-पांढरा क्लाउनफिश गेला. सबनीस दोन रात्री इंटरनेटवर बसले, आणि शनिवारी दुपारी आमच्या दारात उभे राहिले ते शोध लावल्याच्या थाटात. "दगडात कोणीतरी आहे," त्यांनी जाहीर केलं. "मँटिस श्रिंप. कोळंबीच्या लांबच्या नात्यातला, पण वृत्तीने गुंड. पुढच्या पायांनी ठोसा मारून शंख फोडतो. लपून राहतो. मी पहिल्यापासून म्हणत होतो."

मोहिमेला आम्हाला नेण्यात आलं. अजितकडे बादली, माझ्याकडे झाकणाची बरणी, आणि सबनिसांच्या हातात स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे चढवलेले. गुन्हेगाराला ठार कसं मारायचं यावर ते बोलत होते. उकळतं पाणी त्यांना पसंत होतं. त्यांनी दगड उचलून नळाच्या गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवला, कारण गोडं पाणी त्या प्राण्याला सोसत नाही. थोडा वेळ काही झालं नाही. मग भोकातून बोटाएवढा हिरवा प्राणी सुळकन बाहेर आला. सबनिसांनी त्याच्या दिशेने हात नेला. टक्. सबनीस असे किंचाळले की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

अजितने शांतपणे चहाच्या गाळणीने त्याला उचलून खाऱ्या पाण्याच्या बरणीत सोडलं. आम्ही बघत राहिलो. अंगावर हिरवा, निळा, केशरी असे रंग, आणि देठावर बसवल्यासारखे दोन डोळे. एक इकडे बघतोय, दुसरा तिकडे.

"आई, आधण ठेव," सबनीस अंगठा दाबून धरत म्हणाले.

"ठेवणार नाही," काकू म्हणाल्या.

"आई, मुळात समजून—"

"तूच घे समजून." काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना उभं मी पहिल्यांदाच बघत होते. "मी रोज दुपारी खाऊ घालते त्याला. फ्रीजरमधले ते माशांच्या खाण्याचे तुकडे, काड्यांनी धरून. माझी चाहूल लागली की भोकाशी येतो टकोबा."

जन्मात घरात अंडं न आणलेल्या त्या बाई हॉकर सेंटरमधल्या टपरीवरच्या नूडल्सबरोबर आलेल्या काड्यांनी कोळंबीचे तुकडे भरवत होत्या. अजितच्या हातातली गाळणी खाली आली.

"तो खुनी आहे, आई! माझा क्लाउनफिश—"

"असेल. तू सकाळी जातोस तो अंधार पडल्यावर येतोस. आल्यावर मासे बघतोस. मला बघून दिवसभरात कोणी डोळे हलवतं का रे इथे?"

सबनिसांनी हातमोजे काढले, एकेक बोट सोडवत. मग आम्हाला म्हणाले, "तुम्ही या आता."

मला वाटलं, त्या प्राण्याची रवानगी एखाद्या भांड्यात होईल, फार तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर. पण दोन-तीन आठवड्यांत सबनिसांचे उरलेसुरले सगळे मासे पिशव्यांतून हौगांगच्या एका हौशी माणसाकडे गेले, आणि भिंतभर पसरलेल्या त्या अवाढव्य टाकीत दगड आणि एकटा टकोबा राहिला. मराठी मंडळींत अर्थातच खूप हसं झालं. पाहुणे यायचे, रिकामं पाणी बघायचे, एकमेकांकडे बघायचे. सबनीस मात्र छाती काढून सांगायचे, "मासे हे नवशिक्यांचं काम. मी सध्या एकाच जिवाचा सखोल अभ्यास करतोय. आणि लहान टाकीची काच तो फोडेल, एवढं तरी मुळात समजून घ्या." आईचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. मला तर तो शुद्ध तोरा वाटला. हरावं आणि वर स्वतःचीच मिरवणूक काढावी, ही सबनिसांची जुनी खोड.

परवा बुधवारी मी घरूनच काम करत होते. भर दुपारी दाराची बेल वाजली. दारात काकू, अनवाणी. ही बाई एकटी कधी लिफ्टमध्ये शिरलेली मी पाहिली नव्हती.

"टकोबा गेला गं," त्या म्हणाल्या, आणि माझा हात घट्ट धरला.

मी वर गेले. भोकाच्या तोंडाशी ते हिरवं अंग कलंडून पडलं होतं, फिकुटलेलं, हलत नव्हतं. मी सबनिसांना फोन लावला. मीटिंगमध्ये असावेत, मागे कोणीतरी इंग्रजीत आकडे वाचत होतं. आता पाण्याची तपासणी, मग व्याख्यान, अशी तयारी ठेवून मी काय झालं ते सांगितलं.

"आई कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "रडतेय का? वहिनी, तिला बसवा. मी निघालो."

एमआरटीवर, म्हणजे इथल्या मेट्रोवर, विश्वास असलेला तो काटकसरी माणूस टॅक्सीने आला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच, शर्टाची पाठ ओली. चपला-बुटांचं त्यांच्या घरात केवढं स्तोम, पण ते बुटांसकट आत आले, आणि टाकीसमोर गुडघ्यांवर बसले. त्यांनी काड्यांनी ते अंग हलकेच हलवलं. आतून पोकळ होतं, पारदर्शक.

"आई," ते काड्या खाली ठेवत म्हणाले. "मेला नाही तो. कात टाकलीय. आतमध्ये आहे. नवं अंग कडक होईपर्यंत बाहेर येणार नाही, एवढंच."

"किती दिवस?"

"लागतील काही."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "मग तोवर मी दुपारी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"तोवर मी घरी आहे," सबनीस म्हणाले. ते तिथेच फरशीवर, खुर्चीला टेकून बसले. खिशातला फोन वाजत होता, तो त्यांनी बंद केला.

मग काकू बोलायला लागल्या. टकोबा काल कसा रुसला होता, तुकडा आत ओढताना त्याची कशी फजिती झाली, तिथून पुण्यातली त्यांची मांजर, मांजरीवरून शेजारच्या लिमयेबाई. सबनीस मान वर करून ऐकत होते. एकदाही त्यांनी पंजा वर केला नाही.

मी दार हळूच ओढून घेतलं.