ओढ्यापर्यंतचा निरोप

पाहुण्याला वाटेला लावावं तर रुगेमालिरा म्हाताऱ्यानंच! अख्ख्या बुहांगा गावात हे कुणीही मान्य करील. न केलंच तर म्हातारा घरी येऊन मान्य करवून घेईल. पाहुणा उठला की यजमानानं सोबत थोडं चालायचं, ही तिथली रीत. नावडता पाहुणा केळीच्या बागेच्या टोकापर्यंत, आवडता ओढ्यापर्यंत. एका व्याह्याला त्यानं बागेच्या टोकाशी सोडलं होतं. ते प्रकरण अकरा वर्षं धुमसतंय.

"चिहारूला ओढ्यापर्यंत सोडणार, हात हलवणार, परत येऊन जेवणार," त्यानं शेजारच्या ब्याबाटोला सांगितलं. "रडारड नाही, काही नाही!"

"बघू," ब्याबाटो म्हणाला.

चिहारू जपानची. पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या बांधायला स्वयंसेवक म्हणून आली आणि दोन वर्षं म्हाताऱ्याच्या मागच्या खोलीत राहिली. बायको गेल्यापासून घर मुकं पडलं होतं. आता तिथं रोज संध्याकाळी कुणीतरी "आजोबा, मीठ जास्त झालं!" म्हणून ओरडायला लागलं. मुलं दार-ए-सलामला होती, दर रविवारी फोनही करत. पण फोनवरून मीठ कळत नाही.

निघायचा दिवस उजाडला. पेटी ब्याबाटोच्या सायकलवर चढली. अकराची बस चुकली तर बुकोबा शहरातून सुटणारं विमान चुकणार, ते चुकलं तर पुढची तीन विमानं ओळीनं चुकणार!

ओढा आला.

"जा पोरी. तू दिसेनाशी झालीस की मी वळतो."

"मोठ्या माणसाकडे पाठ करून कशी जाऊ, आजोबा? आधी तुम्ही वळा."

"यजमान आधी वळत नसतो!"

ती कमरेत वाकली. तिच्याकडूनच शिकला होता, म्हणून तोही वाकला. तो वाकला म्हणून ती आणखी वाकली.

"काय हरवलंय का तिथं?" ब्याबाटो ओरडला.

हरवलं नव्हतं, अडकलं होतं. म्हाताऱ्याची कंबर! त्याला सरळच होता येईना.

"आजोबा! चला, मी घरी सोडते तुम्हाला."

घरी सोडलं. पण दारातून पाहुणी एकटी जाणार? शक्यच नाही! म्हातारा काटकोनात पुन्हा ओढ्यापर्यंत आला. असा काटकोन एकटा परत कसा जाणार? ती पुन्हा घरापर्यंत. तिसऱ्या फेरीला ब्याबाटोनं सायकल आडवी घातली.

"काका, मी कॉफीची पोती वाहतो. पोतं एकदा गेलं की तिकडंच राहतं!"

तेवढ्यात बसचा भोंगा वाजला. तिघं पळत सुटले. सगळ्यांत पुढं म्हातारा. कंबर कधी सुटली, हे विचारायला कुणाला वेळ नव्हता. पेटी नीट ठेवली की नाही बघायला तो बसमध्ये चढला, आणि उशीर झालेली बस जी सुटली ती सुटलीच!

"तिकीट?" कंडक्टर म्हणाला.

"मी फक्त सोडायला आलोय."

"कुठपर्यंत?"

म्हाताऱ्यानं खिडकीबाहेर पाहिलं. ब्याबाटो सायकल घेऊन मागून ओरडत होता, लहान लहान होत होता.

"थोडं पुढपर्यंत."

दोन तास दोघं, म्हातारा पाहुण्यांसाठी खिशात ठेवायचा ते कॉफीचे दाणे चघळत बसले. बोलायचं सगळं तीन फेऱ्यांत संपलं होतं.

विमानतळाच्या दारात पहारेकऱ्यानं हात आडवा केला. "बाबा, इथून पुढं फक्त प्रवासी."

"मग पुढं हिला कोण सोडणार?"

"कुणी नाही. विमान आहे ते."

चिहारूनं त्याचे दोन्ही हात घट्ट धरले. मग त्याच्याकडे तोंड ठेवून उलट पावली आत गेली, वाटेत एका पाद्र्याच्या पायावर पाय देऊन. विमान उडालं आणि चार मिनिटांत ढगात शिरलं. म्हातारा अर्धा तास उभाच.

"गेलं ते, बाबा."

"दिसलं मला." म्हातारा पहारेकऱ्याकडे वळला. "तुझी सुट्टी किती वाजता?"

"पाचला."

"घर?"

"त्या टेकडीमागं. का हो?"

"एकटा जाऊ नकोस," म्हातारा बाकावर बसत म्हणाला. "मी थांबतो."

"अहो बाबा, माझ्याकडे सायकल आहे!"

"असू दे. हातात धरून चल."